हुक, पिन आणि साखळी

ओढणारे वाहन आणि ओढले जाणारे वाहन यांना एकत्र ठेवते ती जोडणी, म्हणजे हुक, दांडीची कडी, पिन आणि साखळी. कोल्हापुरात ही जोडणी सतत डोळ्यांसमोर असते. गाळप हंगामात गगनबावडा रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या जातात आणि अनंत चतुर्दशीला शिवाजी पेठेतील मंडळांच्या मूर्ती ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून विसर्जनाला निघतात. तरीही ट्रॅक्टरची चर्चा अश्वशक्तीवरच थांबते. हुकाकडे होणाऱ्या या दुर्लक्षामागे तीन समजुती आहेत आणि तिन्ही चुकीच्या आहेत.

पहिली समजूत अशी की, ट्रॅक्टर दमदार असला की हुक कोणताही चालतो. वास्तविक इंजिनाची सगळी ओढ शेवटी एका पिनेतून जाते. ट्रॅक्टर जितका दमदार, तितका त्या पिनेवरचा ताण जास्त. पिनेऐवजी सळईचा तुकडा घालणे म्हणूनच घातक आहे. कोल्हापूरला ओतकामाचा रास्त अभिमान आहे, पण हुकासाठी बीड उपयोगाचे नाही. बीड दाब सोसते, झटक्याने मात्र आधी न वाकता एकदम तुटते. हुक आणि पिन घडीव पोलादाचेच हवेत.

दुसरी समजूत अशी की, हुक उंच लावला की ओढ चांगली लागते. यात अर्धे सत्य आहे. उंच ओढीमुळे वजन मागच्या चाकांवर येते आणि त्यांची पकड वाढते. पण ते वजन पुढच्या चाकांवरून उचललेले असते. समजा ओढ १००० किलोची आहे आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधले अंतर २ मीटर आहे. हुक जमिनीपासून अर्ध्या मीटरवर असेल, तर पुढच्या चाकांवरचे २५० किलो कमी होतात. तोच हुक ०.९ मीटरवर नेला तर ४५० किलो. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग ऐकत नाही आणि चढावर ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. म्हणून ओढ मागच्या अ‍ॅक्सलच्या खालूनच घ्यावी. वरच्या लिंकला ट्रॉली कधीही जोडू नये.

तिसरी समजूत मिरवणुकीतली आहे: ट्रॅक्टर माणसाच्या चालीने जातो, मग साखळी कशाला? महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश या वाटेवर ट्रॉलीला चहूबाजूंनी माणसे असतात. सुटलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरच्या वेगाने चालत नाही, ती स्वतःच्या वजनाने वेग घेते. तिला स्वतःचे ब्रेक नसतील, तर ती थांबवायला काहीच उरत नाही. वजनामुळे पिन जागेवर राहते हेही खरे नाही. खड्ड्यातल्या एका हिसक्याने लॉक नसलेली पिन वर उसळते.

कारमागे ओढायच्या छोट्या कॅराव्हॅनलाही हीच तत्त्वे लागू पडतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यामुळे हा विषय आता शेतापुरता राहिलेला नाही. कारमागच्या जोडणीत हुकाऐवजी पोलादी गोळा असतो. युरोपात तो ५० मिलिमीटरचा, तर अमेरिकेतला एक प्रचलित गोळा २ इंचांचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा असतो. डोळ्यांना हा फरक कळत नाही, म्हणून गोळा आणि त्यावरची वाटी यांवर कोरलेली मापे जुळवूनच घ्यावीत. एका अ‍ॅक्सलच्या कॅराव्हॅनमध्ये जड सामान मागे ठेवले तर दांडी वर उचलली जाते आणि गाडी शेपटासारखी डोलू लागते. अमेरिकी प्रघातानुसार एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार दांडीवर असावा. मात्र तो कार आणि हुक यांच्या ठरलेल्या मर्यादेत बसायला हवा.

सुरक्षित जोडणीच्या अटी मग पाचच उरतात. हुक घडीव आणि भाराला पुरेसा असावा. ओढ अ‍ॅक्सलखालून असावी. पिन कडीच्या मापाची आणि लॉक असलेली असावी. दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देत वाहनाच्या सांगाड्याला बांधाव्यात, म्हणजे पिन निघाली तरी दांडी रस्त्यात रुतणार नाही. वळणापुरती ढील मात्र त्यांना असावी. शेवटची अट ट्रॉलीला स्वतःच्या ब्रेकची. इंजिनाची ताकद यांपैकी एकाही अटीची जागा घेऊ शकत नाही. पाचांपैकी एक जरी अपुरी असेल, तरी ती ट्रॉली उसासाठीही रस्त्यावर आणू नये आणि मूर्तीसाठीही.