माशाची जखम आणि पाण्याची निगा

बैलाचा खांदा सुजला किंवा शेळीच्या खुरात काटा मोडला, तर शेतकरी त्याच दिवशी उपचारास लागतो. जनावर लंगडते, ओरडते, चारा सोडते. त्यामुळे त्याचे दुखणे कोणाच्याही लक्षात येते. माशाचे तसे नाही. मासा मुका आहे आणि तो पाण्याआड राहतो. त्याचा पर फाटला तरी बहुधा कोणी पाहत नाही. पाहिलेच तर तो मासा वाचणार नाही असे मानून फेकून देण्यात येतो, अथवा दुकानातून आणलेली एखादी पूड पाण्यात टाकण्यात येते. या दोन्ही पद्धती चुकीच्या आहेत. माशाची जखम भरून आणण्याचे काम मुख्यतः स्वच्छ पाणी करते, आणि ते पाणी राखणे हेच माशाच्या पालकाचे पहिले कर्तव्य होय.

पर म्हणजे माशाचे पंख. पोहणे, वळणे व तोल सांभाळणे ही कामे मासा परांच्या साहाय्याने करतो. बारीक काड्यांवर ताणलेला पातळ पडदा अशी परांची रचना असते. तो पडदा लवकर फाटतो, परंतु पुन्हा वाढण्याची शक्तीही त्याच्या अंगी आहे. ब्रूसोने या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने सोनेरी माशांचे पर कापून ते पुन्हा उगवतात असे १७८६ साली दाखवून दिले. भारतातील नद्यांत आढळणारा झेब्रा नावाचा चिमुकला मासा याच गुणामुळे आज जगभरच्या प्रयोगशाळांत अभ्यासला जातो. त्याच्या शेपटीचा कापलेला पर कोमट पाण्यात सुमारे दोन आठवड्यांत पुन्हा वाढतो. मात्र पराचे मूळ शाबूत असले पाहिजे. जखम मुळापर्यंत जाऊन कुजली, तर पर पूर्ववत होत नाही. म्हणून वेळीच लक्ष देण्याला महत्त्व आहे.

जखम कशाने झाली हे प्रथम पाहावे. पराची कड सरळ फाटलेली असून मासा नेहमीप्रमाणे खात असेल, तर ती बहुधा जाळ्याची, धारदार दगडाची किंवा सोबतच्या माशाने चावल्याची इजा असते. कड पांढुरकी, झिरझिरीत व दिवसेंदिवस मागे सरकणारी असेल, मुळाशी लाली दिसत असेल, तर ती जिवाणूंमुळे होणारी परकुज समजावी. कापसासारखे पुंजके दिसल्यास बुरशीचा संशय घ्यावा. हे जिवाणू व बुरशी पाण्यात एरवीही असतातच. मासा सशक्त असून त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर शाबूत असला, तर त्यांचे काही चालत नाही. पाणी घाण झाले, गर्दी वाढली किंवा कोरड्या हातांनी धरल्याने तो थर निघाला, म्हणजे त्यांना वाट मिळते.

घरातील किंवा शाळेतील काचेच्या पेटीत जखमी मासा दिसल्यास त्यास मऊ जाळीने अलगद उचलून वेगळ्या स्वच्छ भांड्यात ठेवावे. भांड्यात त्याच पेटीतील पाणी घ्यावे, म्हणजे तापमानात एकदम फरक पडत नाही. हवा सोडणारा छोटा पंप असल्यास लावावा. दररोज सुमारे चौथा हिस्सा पाणी काढून तेवढेच ताजे पाणी घालावे. नळाचे पाणी असेल तर ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच वापरावे, कारण त्यातील क्लोरिन माशाच्या कल्ल्यांस अपाय करतो. दहा लिटर पाण्यास १० ते ३० ग्रॅम खडे मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून थोडे थोडे घालावे. पाणी बदलताना जेवढे पाणी काढले तेवढ्याच्या प्रमाणात मीठ पुन्हा घालावे, अधिक नाही. मिठाच्या पाण्यात माशाच्या शरीरास क्षारांचा तोल सांभाळण्याचे श्रम कमी पडतात. खाद्य थोडे द्यावे आणि उरलेले काढून टाकावे. मूळ पेटीतील चावरा सोबती किंवा टोकदार दगड मात्र तसाच राहिला, तर हा सारा खटाटोप व्यर्थ जाईल.

औषध मुळीच वापरू नये असे नाही. पर मागे सरकतच राहिला, किंवा एकामागून एक मासे आजारी पडू लागले, तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यास किंवा जाणकार पशुवैद्यास दाखवून त्यांच्या सल्ल्याने औषध द्यावे. परंतु माणसांसाठी आणलेल्या प्रतिजैविकाची गोळी फोडून पाण्यात टाकणे हा उपचार नव्हे. पेटीतील गाळणीत उपयुक्त जिवाणू वाढलेले असतात. माशाच्या विष्ठेतून व कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे रूपांतर ते कमी घातक पदार्थांत करतात. औषधाने हेच जिवाणू मेले, तर अमोनिया वाढतो आणि ज्या पराकरिता औषध घातले तोच अधिक कुजतो. शिवाय अशा सवयीमुळे रोगजंतू औषधास दाद देईनासे होतात. त्याची झळ पुढे माणसांनाही बसते.

एका शोभेच्या माशासाठी एवढा विचार कशाला, असे कोणी विचारील. सोलापूर जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर शेततळ्याच्या काठावर मिळते. हा जिल्हा अवर्षणप्रवण आहे. २०१६ साली सुरू झालेल्या मागेल त्याला शेततळे या योजनेनंतर शेततळ्यांस चालना मिळाली, आणि डाळिंब व द्राक्षांसाठी साठविलेल्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडून जोड उत्पन्न मिळविता येते हे अनेकांच्या ध्यानी आले. मात्र प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यात उन्हाळ्यात पाणी लवकर तापते, आणि तापलेले पाणी प्राणवायू कमी धरते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३५ अंशांस तो ७ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. त्यातच बागेला पाणी दिल्याने तळ्याची पातळी खालावते. मासे दाटीने राहतात, एकमेकांस घासतात, आणि काचेच्या पेटीत एका माशाचे जे झाले तेच येथे शेकडो माशांचे होते. फरक इतकाच की, गढूळ पाण्यात ते दिसत नाही.

म्हणून बीज सोडण्याच्या दिवसापासूनच काळजी घ्यावी. बीज सकाळच्या थंड वेळी आणावे. प्राणवायू भरलेली पिशवी १५ ते २० मिनिटे तळ्यावर तरंगत ठेवावी, नंतर तळ्याचे पाणी थोडे थोडे पिशवीत घेऊन मासे आपणहून बाहेर जाऊ द्यावेत. मासे पाहण्यासाठी ओढलेले जाळे बिनगाठीचे व ओले असावे, आणि भर दुपारी ते ओढू नये. बाग की मासे असा प्रसंग आला तर पाणी बागेला जाणार, हे उघड आहे. तेव्हा पाणी पाच फुटांखाली जाण्यापूर्वीच मोठे मासे विकून टाकणे शहाणपणाचे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी गावच्या शाळेतील काचेच्या पेटीचा उपयोग करून घ्यावा. पिकाचे प्रात्यक्षिक जसे शेताच्या तुकड्यावर, तसे माशाचे प्रात्यक्षिक या पेटीत. फाटका पर, बदललेले पाणी आणि दिवसागणिक पुढे सरकणारी नवी, पारदर्शक कड हे सारे मुलांना व त्यांच्या पालकांना डोळ्यांनी पाहता येईल. ज्या शेतकऱ्याने ती कड वाढताना पाहिली, तो तळ्यावर गेल्यावर औषधाच्या डब्याकडे हात नेण्यापूर्वी पाण्याकडे पाहील.