मधुमालतीची छाटणी

कौलारू घराच्या दारावर मधुमालतीचा मांडव असावा, ही हौस आपल्या कटंगीकडे अनेकांना असते आणि ती योग्यच आहे. संध्याकाळी उमलताना हिची फुले पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि पुढे लाल होतात; एकाच घोसात तिन्ही रंग नांदतात. परंतु वेल जितकी देखणी तितकीच दांडगी. काही पावसाळे मोकळी सोडली की ती कौलांखाली शिरते. मग आषाढात घर गळू लागले म्हणजे घरधनी कोयता घेऊन धावतो. रागाच्या भरात केलेली ती तोड होय; तिला छाटणी म्हणता येणार नाही.

छाटणी करणाऱ्याने फूल कोठे येते, हे आधी जाणावे. थंड मुलखातील विस्टेरिया नावाच्या वेलीला जुन्या लाकडावरील आखूड फांद्यांवर फुले येतात. म्हणून तेथील माळी लांब फुटी उन्हाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात पुन्हा आखूड करतात. नाशिककडील द्राक्षबागांतही दोन छाटण्या असतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढलेल्या काडीत घडाची धारणा होते व ऑक्टोबरच्या छाटणीने घड बाहेर पडतात. या दुसरीला शेतकरी ‘गोडी छाटणी’ म्हणतात.

मधुमालतीचे फूल मात्र नव्या फुटीवर येते. म्हणून माघ-फाल्गुनात, नवी पालवी फुटण्यापूर्वी, हिची छाटणी करावी. प्रथम वाळलेल्या व एकमेकींत गुंतलेल्या काड्या काढाव्यात. पान गळाले तरी देठाचा भाग काट्यासारखा उरतो, यास्तव हाताला जाड फडके गुंडाळावे. चार-पाच मुख्य खोडे राखून बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणाव्यात. काप धारदार कात्रीने, डोळ्याच्या किंचित वर, तिरपा घ्यावा. मुळांपासून निघणारे धुमारे तळापासून काढावेत. मग घमेलेभर कुजलेले शेणखत व पाणी द्यावे. मांडव कौलांपासून हातभर दूर असावा आणि पावसाळ्यात कौलांकडे वळणारे शेंडे दर पंधरवड्यास खुडावेत. कोवळा शेंडा नखानेही तुटतो. जून झाल्यावर त्याला कोयता लागतो.

राखेचा बुधवार बहुधा याच दिवसांत येतो. योहानाच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात प्रभूने पित्याला माळी म्हटले आहे. आणि तो माळी फळ देणाऱ्या फांदीलाही छाटतो, तिने अधिक फळ द्यावे म्हणून. आईबापांनी या शिकवणीचा अवश्य विचार करावा. मुलाच्या लहानसहान खोड्यांकडे वर्षानुवर्षे कानाडोळा करावयाचा आणि एके दिवशी संतापून काठी उगारावयाची, हे कोयत्याच्या तोडीसारखेच आहे. वेळीच, शांत मनाने आणि त्याच्यात कोणते फूल उमलणार आहे हे ओळखून सांगितलेला एक शब्द पुरेसा होतो. या प्रायश्चित्तकाळात वेलीबरोबर आपल्या स्वतःच्या सवयींकडेही तशीच दृष्टी टाकावी. मग पावसाळ्यात दारावर फुले असतील आणि घरही गळणार नाही.