गिअर नकोत, मनगट हवंय!

"गिअर नसलेली सायकल? ती तर दूधवाल्याची!" हे पालुपद ऐकून वैताग आलाय. अरे बाबांनो, पडताना हात टेकला की अंगठ्याच्या बुडाशी असलेलं स्कॅफॉइड, काजूच्या आकाराचं एवढंसं हाड, मोडू शकतं. त्याला रक्तपुरवठा तुटपुंजा, म्हणून जुळायला कधीकधी महिनोन्महिने लागतात. माझंही तेच झालं. प्लास्टर निघाल्यावर अंगठ्याने गिअरचा खटका दाबला आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले! सिंगलस्पीडला खटकाच नाही. (ब्रेक मात्र दोन्ही हातांनी दाबता यायलाच हवा, तोवर सायकल घरीच.) हां, चढावर उभं राहून हँडल ओढलंत तर मनगटाची वाट लागणार, कबूल. मग उतरा की खाली! चांदणी चौकाच्या चढावर सायकल ढकलण्यात कसली आलीये लाज? कीबोर्ड बडवून पोट भरणाऱ्यांनी तरी 21 गिअरांची मिजास मला सांगू नये.