पाठीचा रकाना

बँकेत असताना पीककर्जाचे किती अर्ज माझ्या टेबलावरून गेले, त्याची गणती नाही. जमीन, विहीर, बैलजोडी, पंप, सगळ्यांची त्यात नोंद असे. ज्या पाठीच्या जोरावर ही शेती चालते, तिच्यासाठी मात्र रकाना नव्हता. घरातही तो नसतो.

पवनी तालुक्यातले आमचे आसगाव चौरास भागातले, धानाचे. उन्हाळ्यात बोडीतला गाळ उपसायचा, बांध्यांचे धुरे नीट करायचे आणि पाऊस पडला की दिवसभर वाकून रोवणी. कुणाची कंबर धरली की आपण म्हणतो, "वय झालं." तिशीतल्या बाईची धरते, तेव्हा काय म्हणायचे?

कारण साधे आहे. लिटरभर पाणी एक किलो भरते. तेवढाच ओला गाळ पावणेदोन किलोच्या आसपास. ओझे अंगापासून जितके दूर, तितका कंबरेवर ताण जास्त. त्यात वाकल्या वाकल्या कंबर पिळून गाळ बाजूला फेकला की मणक्यांमधल्या चकत्यांवर फार भार येतो. अमेरिका-कॅनडात गेलेली आपली मुले हिवाळ्यात दारातले बर्फ फावड्याने काढतात. त्यांनाही तिथे हेच बजावले जाते.

उपाय खर्चाचे नाहीत. फावड्याचा दांडा लांब असावा. सकाळी थोडे चालून, अंग मोकळे करून कामाला लागावे. घमेले गुडघे वाकवून, पोटाशी धरून उचलावे. डोक्यावर द्यायचे तर दोघींनी मिळून. वळताना कंबर नव्हे, पाय वळवावेत. कंबर दुखली तर महिनाभर खाटेवर पडून राहण्यापेक्षा बेताने हिंडणे बरे. पण पाय बधिर पडला, त्यातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

"घमेले अर्धेच भरा," असे सांगणे सोपे आहे. पण रोजगार हमीच्या मातीकामात मजुरी मापावर ठरत आली. माप कमी भरले, तर चूल कशी पेटायची? म्हणून केवळ मजुराला उपदेश करून भागणार नाही. चांगले अवजार, जोडीदार आणि मधली विश्रांती देणे ही काम देणाऱ्याचीच जबाबदारी आहे, मग ते सरकार असो, ठेकेदार असो की आपण शेतमालक.

यंदा फावड्याला नवा दांडा बसवाल, तेव्हा जी बाई किंवा जो गडी ते हाती धरणार आहे, त्याला जवळ उभे करून त्याच्या उंचीने दांडा मापून घ्या.