गुडघ्याला हवी नऊ महिन्यांची रजा

सोमवारी कुणी मित्र लंगडताना दिसला की मी हल्ली एकच प्रश्न विचारते, ‘टर्फ का?’ उत्तर बहुतेक वेळा ‘हो’च येतं. पुढची स्टोरीही ठरलेली. कुणी धक्का दिलेला नसतो. पळता पळता साहेब गर्रकन वळले, पाय जागीच राहिला, आतून ‘कट्’ आवाज आला आणि काही तासांत गुडघा टम्म! असं झालं की पहिला संशय एसीएलवर घ्यायचा.

गुडघ्यात मुख्य लिगामेंट्स चार. दोन बाजूंना, दोन आत, एकमेकांवर फुली मारलेली. फुलीतलं पुढचं ते एसीएल. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर, पण नडगीचं हाड पुढे सरकू न देणं ही त्याची ड्युटी. पूर्ण तुटलं की ते सहसा आपलं आपण जुळत नाही. ऑपरेशन सगळ्यांनाच लागतं असंही नाही. काहींचं नुसत्या व्यायामावर भागतं. पण पुन्हा फुटबॉल खेळायचा असेल किंवा गुडघा सारखा दगा देत असेल, तर डॉक्टर ते सुचवतात. दुर्बिणीतून हाडांत बोगदे पाडायचे, आपल्याच मांडीमागचा किंवा वाटीखालचा टेंडन घेऊन त्यातून ओवायचा आणि स्क्रूने किंवा बटणाने पक्का करायचा.

खरी परीक्षा पुढेच. तिसऱ्या महिन्यात सूज गेलेली, कुबड्या गेलेल्या, आणि पठ्ठ्या ग्रुपवर विचारतो, ‘शनिवारी कुठला स्लॉट?’ बॉस, थांब! बसवलेला टेंडन आधी आतून कमजोर होतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि तो हळूहळू लिगामेंटसारखा होत जातो. म्हणजे दुखणं थांबतं, तेव्हा दोरी अजून कच्चीच असते. २०१६ साली आलेल्या एका अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवला, तितका गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचा धोका दर महिन्याला साधारण निम्म्याने घटला.

ऋषभ पंतचा अपघात डिसेंबर २०२२मधला, मुंबईत लिगामेंटचं ऑपरेशन जानेवारी २०२३मध्ये, आणि मैदानात परतला तो थेट मार्च २०२४मध्ये. त्याची दुखापत मोठी होती, मान्य. पण दिमतीला फिजिओही होते. आपल्याकडे काय, लंच टाइम!

म्हणून तारीख कॅलेंडरला एकट्याला ठरवू देऊ नका. फिजिओ दोन्ही पायांची ताकद मोजतात, एका पायावर उड्या मारायला लावतात. ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या किमान ९० टक्के भरला, की मग बूट काढा. तोवर बॉसकडे हाफ डे मागा, फिजिओसाठी.