अभ्यास मुंबई-पुण्याचा, सवाल नाशिक रोडचा

जुलै २०२४ मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात भारतातील दहा शहरांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००८ ते २०१९ या काळातील सुमारे ३६ लाख मृत्यूंच्या नोंदी आणि त्या त्या दिवसांची हवा यांची त्यात सांगड घातली आहे. निष्कर्ष गंभीर आहे. या शहरांतले सुमारे ७.२ टक्के मृत्यू हवेतल्या सूक्ष्म कणांशी, म्हणजे पीएम २.५ शी जोडलेले आहेत. वर्षाला साधारण ३३ हजार माणसं!

यादीत दिल्ली आहे, तशी मुंबई आणि पुणेही आहेत. नाशिक नाही. म्हणून आपण सुटलो का? अजिबात नाही. भारताची चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. आपल्या मर्यादेच्या आत असलेल्या हवेतही धोका वाढतो, हे या अभ्यासाने दाखवलं. म्हणजे 'आपल्याकडे दिल्लीसारखं धुकं कुठे आहे?' हा दिलासा खोटा आहे.

नाशिक रोडच्या शेजारी एकलहरे इथे कोळशावरचं ६३० मेगावॉटचं वीज केंद्र आहे. पुणे महामार्गाची वाहतूक आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नाशिकचं नाव आहेच. पण उपायांचं काय? फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात टायरवर धावणाऱ्या 'मेट्रो निओ'साठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. तेव्हा बातम्या खूप झाल्या. पण त्या मेट्रोत बसून नाशिक रोड स्टेशनला कुणी अजून उतरलेलं नाही.

उपायाची दुसरी बाजूही पाहू. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा स्वच्छ इंधनावर येण्यास सांगितलं. बेकरीचा धंदा आपल्या समाजातल्या किती घरांची रोजी-रोटी आहे, हे वेगळं सांगायला नको. भट्टीचा धूर सर्वात आधी कारागिराच्याच छातीत जातो, म्हणून बदल हवाच. पण नवी भट्टी फुकट येत नाही. लहान बेकरीवाल्याला कर्ज आणि सबसिडी मिळाली नाही, तर सेहत वाचवताना चूल विझेल. मोठ्या चिमणीला मुदतवाढ आणि छोट्या भट्टीला नोटीस, असा न्याय होता कामा नये.

नाशिकमध्ये अशी वेळ येण्याआधी तयारी करता येईल. बेकरीवाल्यांनी एकत्र येऊन गॅस जोडणीचा आणि मदतीचा प्रश्न आत्ताच महापालिकेकडे मांडावा. नगरसेवक मतं मागायला आले की रस्ता-गटारीबरोबर एक प्रश्न जरूर विचारा: आमच्या वस्तीतली, मुलांच्या शाळेजवळची हवा कोण मोजतं आणि आकडे कुठे लावतं? घरात दमेकरी बुजुर्ग किंवा लहान मूल असेल, तर कचरा जाळणं आजच बंद करा. त्यासाठी कुठल्याही बजेटची वाट पाहावी लागत नाही.