कंपवात आणि मंत्रचळ : न्याय एकच हवा

कंपवाताने ज्याचा हात थरथरतो, त्याला हात आवरण्याची ताकीद सहसा कोणी देत नाही. परंतु स्वच्छ हात पुन्हा पुन्हा धुणाऱ्या, लावलेली कडी वारंवार तपासणाऱ्या आणि त्यापायी स्वतःच मेटाकुटीस आलेल्या, म्हणजेच मंत्रचळ जडलेल्या माणसाला मन आवरण्याचा उपदेश करण्यास घरातील वडीलधाऱ्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वच पुढे सरसावतात. एकास रुग्ण मानून सहानुभूती आणि दुसऱ्यास कसूरदार ठरवून बोल, या दुहेरी न्यायाला मज्जाविज्ञानाने आता कोणताही आधार ठेवलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेंदूच्या अंतर्भागात ‘स्ट्रायटम’ नावाचा पेशीसमूह आहे. त्याला डोपामाइन हे द्रव्य पुरविणाऱ्या पेशी नष्ट होऊ लागल्या म्हणजे चाल मंदावते, स्नायू ताठरतात आणि हातांना कंप सुटतो. यामुळे या भागाकडे केवळ हालचालींचे खाते आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शास्त्रज्ञ अ‍ॅन ग्रेबिएल यांनी १९७८ साली क्लिफ्टन रॅग्सडेल यांच्यासह असे दाखविले की, वरकरणी एकजिनसी भासणाऱ्या या भागात रासायनिकदृष्ट्या भिन्न असे कप्पे आहेत. आणि त्या कप्प्यांकडे मेंदूतील भावनांशी निगडित क्षेत्रांतून संदेश येतात, हे पुढील संशोधनाने स्पष्ट झाले. हालचाल आणि भावना यांचा व्यवहार, अशा रीतीने, एकाच ठिकाणी चालत असल्याचे दिसून आले.

ग्रेबिएल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उंदीर चक्रव्यूहातील वाट नव्याने शिकत असताना स्ट्रायटममधील पेशी वाटभर सक्रिय असत; वाट अंगवळणी पडल्यावर मात्र ती सक्रियता मुख्यतः आरंभी व अंती एकवटली. सहीशिक्का करून बांधलेल्या दप्तराप्रमाणे संपूर्ण कृती एकसंध होते व एकदा सुरू झाली की तडीस जाते. चालणे, जेवणे, लिहिणे ही नित्याची कामे आपण विनासायास करतो, ती याच सोयीच्या बळावर. आणि या सोयीवरील नियंत्रण सुटले म्हणजे कृती माणसाच्या ताब्यात न राहता माणूसच कृतीच्या ताब्यात जातो.

२०१३ साली ग्रेबिएल यांच्याच प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, एका जनुकाच्या अभावामुळे जखमा होईपर्यंत स्वतःचे तोंड खाजविणाऱ्या उंदरांच्या मेंदूत, ललाटामागील बाह्यकाकडून स्ट्रायटमकडे जाणाऱ्या मार्गाला प्रकाशाच्या साहाय्याने चेतना देताच तो अनावर चाळा ओसरला. उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, आणि हा प्रयोग म्हणजे रुग्णांसाठी तयार झालेला उपचारही नव्हे. तथापि कंपवाताच्या काही रुग्णांचा अनुभव याच दिशेने बोट दाखवितो. डोपामाइनचे कार्य करणारी काही औषधे घेताना, आयुष्यभर संयमी राहिलेल्या माणसाला जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागतो आणि मात्रा कमी केल्यावर तो बहुधा मावळतो. गोळीबरोबर येणारी आणि गोळीबरोबर जाणारी ही गोष्ट शीलाचा दोष कशी ठरेल?

यावर कोणी म्हणेल की, मग इच्छाशक्तीला काही मोलच उरत नाही. वस्तुतः मंत्रचळावरील प्रभावी उपचारपद्धतीत, भीती वाटत असतानाही ठरावीक कृती न करण्याचा सराव रुग्णाला तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने करावयाचा असतो आणि त्याला मोठेच मनोधैर्य लागते. ते धैर्य योग्य मार्गदर्शनाने व आवश्यक तेथे औषधांच्या आधाराने वाढते. टोमण्यांनी ते खचते आणि लज्जेपोटी रुग्ण वर्षानुवर्षे आपले दुखणे लपवून ठेवतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विम्याच्या बाबतीत शारीरिक व मानसिक आजारांना समान लेखण्याचा हुकूम दिला आहे. कायद्याने मान्य केलेली ही समता आपल्या माजघरातही आली पाहिजे. तेव्हा आपल्या घरी मंत्रचळाचा कोणी रुग्ण असेल, तर त्याची झडती घेणे आजपासून थांबवा आणि कंपवाताच्या रुग्णाला ज्या तत्परतेने दवाखान्यात न्याल, त्याच तत्परतेने त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे न्या.